ज्युलिया हाउके, बाटनबर्ग घराणे आणि वारशाचा प्रश्न: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. बाटनबर्ग (पुढचे माउंटबॅटन) घराण्यावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. ज्युलिया हाउके ही हेसे या जर्मन संस्थानाच्या राजपुत्राची रखेल होती, त्यामुळे तिची मुले आपल्याकडच्या सरदार घराण्यांतील लेकावळ्यांसारखीच मानली पाहिजेत आणि हेसेच्या वंशावळीत त्यांना जागा देणे चूक आहे, हा पहिला आक्षेप. रक्त राजघराण्याचे असते किंवा नसते, मागाहून मिळालेल्या किताबाने त्यात काही फरक पडत नाही, हा दुसरा. नकाशावर शोधाव्या लागणाऱ्या संस्थानिकांच्या सोयरिकी हा इतिहास नसून चव्हाट्यावरची चर्चा आहे, हा तिसरा. पहिल्या आक्षेपाला सर्वांत सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात एका स्त्रीवर धडधडीत अन्याय होतो आहे.

ज्युलियाचा जन्म १८२५ साली वॉर्सा येथे झाला. तिचे वडील मॉरित्स हाउके हे जर्मन वंशाचे, परंतु पोलंडच्या सैन्यात सेनापतिपदापर्यंत पोहोचलेले गृहस्थ होते. रशियाचा झार हाच त्या काळी पोलंडचा राजा होता आणि त्याच्याकडूनच १८२९ मध्ये त्यांना काउंट हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १८३० च्या रात्री वॉर्सात उठाव झाला, तेव्हा उठावात सामील होण्यास त्यांनी नकार दिला आणि बंडखोरांनी त्यांना रस्त्यातच ठार केले. पोरक्या झालेल्या ज्युलियाचा सांभाळ झारच्या आश्रयाखाली झाला आणि पुढे ती युवराज्ञी मारियाच्या दिमतीला असलेल्या खानदानी स्त्रियांपैकी एक झाली. मारिया मूळची हेसेची राजकन्या. तिचा भाऊ अलेक्झांडर रशियन सैन्यात अधिकारी होता. अलेक्झांडर आणि ज्युलिया यांच्या लग्नाला झार निकोलसने परवानगी नाकारली, तेव्हा दोघांनी रशिया सोडला, अलेक्झांडरला रशियन सेवेतील हुद्द्यावर पाणी सोडावे लागले, आणि २८ ऑक्टोबर १८५१ रोजी ब्रेस्लाउ येथे त्यांचे विधिवत लग्न झाले. अलेक्झांडरने आयुष्यात दुसरी पत्नी केली नाही. १८८८ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत हा संसार टिकला. अशा स्त्रीला रखेल म्हणण्यास कोणताही आधार नाही.

या प्रकारच्या विवाहाला मॉर्गनॅटिक विवाह म्हणत. धर्माच्या आणि कायद्याच्या दृष्टीने तो पूर्ण विवाह होता आणि त्यातून झालेली मुले औरसच होती. वजा होत असे ते एवढेच, की पत्नीला पतीचा दर्जा मिळत नसे आणि मुलांना पित्याचा किताब व गादीवरचा हक्क मिळत नसे. म्हणूनच हेसेचा ग्रँड ड्यूक (म्हणजे शासक) लुडविग तिसरा, म्हणजे अलेक्झांडरचा थोरला भाऊ, याने ज्युलियाला एडर नदीकाठच्या बाटनबर्ग या लहानशा गावावरून ‘बाटनबर्गची काउंटेस’ असा नवा किताब दिला आणि १८५८ मध्ये तो वाढवून तिला व तिच्या मुलांना प्रिन्सेस आणि प्रिन्स केले. आपल्याकडे लेकावळ्यांचा प्रश्न मुळात आईचे लग्न झालेले नसण्याचा होता. येथे लग्न निर्विवाद होते आणि वाद फक्त दर्जाचा होता. हे दोन प्रश्न एकत्र केले, तर युरोपातील या घराण्यांचा व्यवहार मुळीच उलगडत नाही.

आता रक्ताविषयी. अलेक्झांडर आणि मारिया यांचे खरे पिता ग्रँड ड्यूक लुडविग दुसरे नसून दरबारातील बॅरन द ग्रान्सी असावेत, अशी चर्चा त्या काळच्या दरबारांत सर्रास चालत असे. लुडविगने दोघांनाही आपली अपत्ये मानले आणि तेवढ्या मान्यतेच्या बळावर मारिया पुढे रशियाची सम्राज्ञी झाली. म्हणजे ज्या राजपुत्राच्या रक्ताविषयी लोक कुजबुजत होते त्याच्या हक्कांना धक्का लागला नाही, आणि ज्यांच्या आईविषयी कोणाला तिळमात्र शंका नव्हती ती त्याची मुले मात्र वारशाबाहेर राहिली. रक्त हाच निकष असता, तर हे दोन्ही निर्णय उलटे लागले असते. निकष होता तो घराण्याच्या नियमांचा आणि घराण्याच्या प्रमुखाच्या संमतीचा.

याचा सर्वांत ठळक परिणाम १९६८ मध्ये दिसला, आणि माझ्या मते बाटनबर्ग घराण्याच्या कथेतील हा सर्वांत बोलका भाग आहे. हेसे-डार्मश्टाटच्या ग्रँड ड्यूकांच्या थेट शाखेतील शेवटचा पुरुष, प्रिन्स लुडविग, त्या वर्षी निपुत्रिक वारला. त्याचा थोरला भाऊ जॉर्ज डोनाटुस १९३७ मध्येच ओस्टेंडजवळच्या विमान अपघातात गेला होता. याच ग्रँड ड्यूक लुडविग दुसऱ्यांचे पुरुष वंशज तेव्हा इंग्लंडमध्ये माउंटबॅटन या नावाने नांदत होते. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन, म्हणजे ज्युलियाचा सख्खा नातू, तेव्हा हयात होते. तरीही घराण्याचे प्रमुखपद त्यांच्यापैकी कोणाकडे आले नाही. ते कित्येक पिढ्या दूर असलेल्या हेसे-कासेल शाखेकडे गेले, आणि प्रिन्स लुडविगने दत्तकही त्याच शाखेतील मॉरित्सला घेतलेले होते. जवळची भाऊबंदकी बाजूला राहून दूरच्या शाखेतील मुलगा दत्तक येणे ही गोष्ट मराठी वाचकाला मुळीच अनोळखी नाही. फरक इतकाच की येथे जवळचे भाऊबंद बाजूला पडले ते ११७ वर्षांपूर्वीच्या एका लग्नामुळे. माउंटबॅटन हे हेसेचे वंशज आहेत आणि हेसेचे वारस नाहीत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि म्हणूनच मी त्यांना वंशावळीत ठेवले व वारसांच्या क्रमात ठेवले नाही.

किताबाने फरक पडत नाही, हे आपले म्हणणे बाडेन या दुसऱ्या जर्मन राज्याच्या उदाहरणापुढे टिकत नाही. बाडेनच्या कार्ल फ्रीडरिशने १७८७ मध्ये लुइझ गायर हिच्याशी असाच विवाह केला होता आणि तिची मुले होखबर्गचे काउंट म्हणून वाढली. पुढे थोरल्या शाखेत पुरुष वारस उरेनात, तेव्हा १८१७ मध्ये ग्रँड ड्यूक कार्लने याच मुलांना बाडेनचे राजपुत्र व वारस ठरवले, आणि १८३० मध्ये लुइझचा मुलगा लेओपोल्ड गादीवर बसला. आई तीच होती, लग्न तेच होते. बदलली ती घराण्याची गरज. ऑस्ट्रियात मात्र १९०० मध्ये गादीचा वारस फ्रांझ फर्डिनांडला सोफी खोटेकशी लग्न करण्यापूर्वी होणाऱ्या मुलांचे हक्क शपथेवर सोडावे लागले, कारण तेथे वारसांची उणीव नव्हती. या नियमांकडे मी कठोरपणेच पाहतो. त्यांची किंमत बहुतेक वेळा स्त्रीने मोजली आणि सवलत मिळाली ती घराण्याच्या सोयीने.

तिसऱ्या आक्षेपाबाबत एक प्रकरण सांगतो. ज्युलियाचा मुलगा अलेक्झांडर १८७९ मध्ये बल्गेरियाचा प्रिन्स, म्हणजे तेथील शासक, म्हणून निवडला गेला. जर्मन सम्राटाची नात व्हिक्टोरिया हिच्याशी त्याचे लग्न ठरत होते, परंतु रशियाचा रोष ओढवेल म्हणून जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने ते होऊ दिले नाही. म्हणजे एका सोयरिकीचा निर्णय परराष्ट्र धोरण म्हणून घेतला गेला. पुढे १८९० मध्ये याच व्हिक्टोरियाचे लग्न शाउमबुर्ग-लिपेच्या प्रिन्स आडोल्फशी झाले. १८९५ मध्ये लिपे या चिमुकल्या संस्थानात राज्यकारभार पाहण्यास सक्षम वारस उरला नाही, तेव्हा व्हिक्टोरियाचा भाऊ कैसर विल्हेल्म याने आपल्या या मेहुण्याची, आडोल्फची, बाजू घेतली. विरुद्ध पक्षात लिपे-बीस्टरफेल्डचा काउंट अर्न्स्ट होता, आणि त्याच्याविरुद्धचा मुख्य मुद्दा असा की १८०३ मध्ये त्याच्या आजोबांनी ज्या मोडेस्टे फोन उनरूशी लग्न केले ती समान कुळातील नव्हती. त्या आजीच्या कुळाचा वाद सॅक्सनीच्या राजाच्या लवादापुढे गेला, १८९७ मध्ये अर्न्स्टच्या बाजूने निकाल लागला, आणि अखेरचा निर्णय १९०५ मध्ये लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या मुलाच्या, लेओपोल्डच्या, बाजूने दिला. एका राज्याचा प्रमुख कोण, हे जर एका आजीच्या लग्नावरून न्यायालयात ठरत असेल, तर त्या लग्नाची नोंद ठेवणे हे इतिहासाचेच काम आहे.

असेच १९२३ मध्ये स्वीडनमध्ये घडले. तेथील वारसा कायद्यानुसार राजपुत्राने ‘खाजगी माणसाच्या मुलीशी’ लग्न केले तर त्याचा गादीवरचा हक्क संपत असे. युवराज गुस्ताफ आडोल्फने ज्युलियाची नात लुइझ हिला मागणी घातली, पण १९१७ मध्ये बाटनबर्ग कुटुंबाने जर्मन किताब सोडून माउंटबॅटन हे नाव घेतले होते, त्यामुळे ती आता केवळ लेडी लुइझ होती. तिचा दर्जा निश्चित करण्याचा प्रश्न दोन सरकारांपुढे आला आणि विवाहासाठी ब्रिटन व स्वीडन यांच्यात रीतसर करार झाला. १९५० मध्ये लुइझ स्वीडनची राणी झाली.

आपल्या प्रतिक्रियेच्या शेवटी ब्रिटनच्या गादीवर आता ‘बाटनबर्ग’ घराणे बसले आहे असे विधान आहे, तेही तपासून घ्यावे ही विनंती. प्रिन्स फिलिप यांची आई अ‍ॅलिस ही बाटनबर्गची, ज्युलियाची नात. परंतु त्यांचे वडील ग्रीसचे प्रिन्स अँड्र्यू होते, आणि पितृवंशाने ते श्लेसविग-होल्स्टाइनच्या ग्ल्युक्सबुर्ग शाखेचे ठरतात. माउंटबॅटन हे आडनाव त्यांनी १९४७ मध्ये आजोळाकडून घेतले. पितृवंश मोजायचा असेल तर राजे चार्ल्स ग्ल्युक्सबुर्ग ठरतात, आणि ज्युलिया हाउके त्यांची खापरपणजी लागते ती आजीच्या बाजूने.