लक्ष्मणफळ केमोपेक्षा '१०,००० पट' प्रभावी? त्या संदेशाला उत्तर

'लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी आहे. बारा प्रकारचे कर्करोग मारते, निरोगी पेशींना हात लावत नाही, जिवाणू आणि बुरशीवरही चालते. औषध कंपन्यांनी हे दडपून ठेवले आहे.' सीताफळाच्या कुळातल्या या फळाबद्दलचा हा संदेश वर्षानुवर्षे कौटुंबिक ग्रुपांवर फिरतो आहे. पाठवणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण उपचार सुरू असलेल्या घरात तो घातक ठरू शकतो.

आधी '१०,००० पट'. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ साली या फळाच्या बियांमधून काही संयुगे वेगळी केली. त्यातले सिस-ॲनोनासिन हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधाच्या १०,००० पट जहाल ठरले. पण पेशी काचपात्रातल्या होत्या आणि संयुग शुद्ध केलेले होते. गर, पानांचा काढा किंवा रुग्ण यांचा त्या प्रयोगाशी संबंधच नव्हता. शिवाय या कर्करोगावर ॲड्रियामायसिन हे नेहमीचे औषध नाही, त्यामुळे 'केमोपेक्षा' हा शब्द संदेश लिहिणाऱ्याच्या पदरचा आहे. माणसांवरच्या तुलनात्मक चाचणीत या फळाने कर्करोग बरा झाल्याचे आजवर दिसलेले नाही.

'निरोगी पेशींना हात लावत नाही.' याच फळातले ॲनोनासिन पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जानिर्मिती रोखते, आणि ऊर्जा मेंदूच्या पेशींनाही लागते. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचे रुग्ण अनपेक्षितपणे जास्त आढळले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने त्याचा संबंध सीताफळाच्या कुळातली फळे आणि पानांच्या काढ्याशी जोडला. माणसांत हे कारण सिद्ध झालेले नाही आणि कधीतरी फळ खाल्ल्याने घाबरायचे कारण नाही. रोज काढा पिणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

'कंपन्यांनी दडपले.' या आरोपाला आपल्या अंगणातली सदाफुलीच उत्तर देते. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा पीत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो अर्क उंदरांना पाजला, तेव्हा रक्तातल्या साखरेवर काहीच परिणाम झाला नाही. टोचल्यावर मात्र उंदरांच्या रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरल्या आणि ते जिवाणूंच्या संसर्गाने मेले. संशोधकांनी त्या मृत्यूंचा माग काढला आणि त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती आले. पुढे एली लिली या औषध कंपनीत सदाफुलीतूनच विनक्रिस्टिन हे दुसरे औषध वेगळे झाले आणि १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. कंपनीने वनस्पती दडपली नाही, तिचे औषध करून विकले. एका ग्रॅम विनक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. रुग्णाला ते शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात.

या औषधाचा उपयोग चाचण्यांतून कसा ठरला, ते विल्म्स ट्यूमरमध्ये दिसते. ही लहान मुलांच्या मूत्रपिंडाची दुर्मीळ, कर्करोगाची गाठ. एकेका रुग्णालयात इतकी कमी मुले येतात की कुठला उपचार सरस ते तिथल्या तिथे कळणे अशक्य. म्हणून अमेरिकेत १९६९ पासून अनेक रुग्णालयांनी मिळून चाचण्या केल्या. शस्त्रक्रियेनंतर विनक्रिस्टिन आणि ॲक्टिनोमायसिन-डी एकत्र दिले, तर कुठल्याही एकापेक्षा चांगला परिणाम होतो हे पहिल्याच चाचणीतून समजले. ॲक्टिनोमायसिन हे मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालेले. १९४० साली वॅक्समन आणि वुडरफ या संशोधकांना ते जिवाणूनाशक म्हणून सापडले, पण संसर्गावर वापरण्यासाठी फारच विषारी निघाले. आज चांगली सोय असलेल्या देशांत या गाठीची दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात. अशा मुलाचा उपचार थांबवून त्याला काढा पाजणे, यासारखे दुसरे नुकसान मला दिसत नाही.

उरले 'जिवाणूंवरही चालते'. अर्कात भिजवलेली कागदी चकती जिवाणूंच्या थरावर ठेवली आणि भोवती जिवाणू नसलेले मोकळे वर्तुळ उमटले, की 'सिद्ध झाले' अशी बातमी होते. कितीतरी वनस्पतींचे अर्क असे वर्तुळ दाखवतात. त्यासाठी दर मिलिलिटरला किती अर्क लागला, हा खरा प्रश्न. कच्च्या अर्काचे उत्तर बहुधा मिलिग्रॅममध्ये येते, चांगल्या प्रतिजैविकाचे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारव्या भागात. काढा पिऊन रक्तात तेवढे प्रमाण गाठता येईल असे मानायला आधार नाही.

केमो घेणाऱ्याच्या बाबतीत संसर्गावर काढा चालेल असे मानण्याची चूक तासाभरातही महागात पडू शकते. त्याच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि कच्च्या पानांच्या रसातूनच जंतू शरीरात जाण्याचा धोका असतो. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर रस-काढा देत बसू नका, सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा, केमो सुरू आहे हे दारातच सांगा आणि घरी काही पाजले असेल तर तेही लपवू नका.