टाकीचा तळ आणि लॅम्ब लहरी

टाकीच्या तळाचा गंज तपासण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की गाइडेड वेव्हज (पत्र्यातून लांबवर धावणाऱ्या ध्वनिलहरी) आल्या, आता टाकीच्या पत्र्यावर जागोजागी जाडी मोजत बसायला नको. अहो, इतकं सोपं असतं तर आम्ही गुडघे टेकून थिकनेस गेज कशाला फिरवला असता! होरेस लॅम्ब या ब्रिटिश गणितज्ञाने १९१७ मध्ये पत्र्यातल्या लहरींचं गणित मांडलं आणि खरी मेख तिथेच आहे. एकाच पत्र्यात एकाच वेळी अनेक मोड, म्हणजे लहरींचे वेगवेगळे प्रकार, धावतात, त्यांचा वेग फ्रिक्वेन्सी गुणिले जाडी यावर ठरतो. पोलादात हा गुणाकार साधारण १.६ मेगाहर्ट्झ-मिलिमीटरच्या खाली ठेवला तर लॅम्बचे दोनच मोड उरतात, एस-० (पत्र्याच्या दोन्ही बाजू सममित हलतात) आणि ए-० (पत्रा वाकत हलतो), आणि प्रतिध्वनी ओळखणं सोपं जातं. म्हणजे ८ मिमी पत्र्याला २०० किलोहर्ट्झच्या आत राहायचं. त्यातही टाकीत तेल असलं की ए-० ची ऊर्जा तेलात झिरपते, कारण त्यात पृष्ठभाग वरखाली हलतो; कमी फ्रिक्वेन्सीला एस-० बरा टिकतो. पुढे लॅप वेल्ड (एकावर एक पत्रा ठेवून केलेला जोड) आला की प्रतिध्वनींची नुसती गर्दी.

संशयित जागा लांबून हेरायला पद्धत झकासच. पण गंजाच्या खड्ड्याची खोली थेट मिळते असं लेखात सुचवलंय, ते काही पटलं नाही. तिथे गेजचा प्रोब टेकवूनच मोजावं लागतं.