नावं तिरकी की सरळ, हा प्रश्न किरकोळ नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तालुकानिहाय पावसाच्या चार्टवर खालची नावं नीट कशी बसवायची, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही परभणीहून तीन गोष्टी सुनावल्यात. पहिली : आकडे बरोबर असले की झालं, नावं तिरकी की सरळ यावर एवढा मोठा लेख कशाला? दुसरी : एक्सेलमध्ये हे दोन क्लिकचं काम आहे, त्यासाठी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा घाट कशाला? तिसरी : लेख मराठीत, तालुके बीड जिल्ह्यातले, आणि चार्टवरची नावं मात्र इंग्रजीत, हे कसं?

तिसरी जास्त लागली, कारण ती खरी आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

नावांचा विषय मला एवढा का लागून राहिलाय, हे लेखात सांगायचं राहून गेलं होतं. तीन वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या एका बैठकीसाठी मी बीडच्या अकराही तालुक्यांच्या पावसाचा चार्ट केला. आकडे तपासलेले, बेरीज जुळलेली. प्रिंट काढून भिंतीवर चिकटवला. अंबाजोगाईचा स्तंभ सगळ्यात उंच, त्याच्या शेजारी आष्टी. बैठक सुरू व्हायच्या आधी आष्टीकडचे एक आजोबा चष्मा सावरत चार्टपुढे उभे राहिले. आष्टीच्या स्तंभावर बोट टेकवलं, ते सावकाश वरपर्यंत नेलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “एवढा पाऊस आमच्याकडं झाला, अन् आमालाच कळलं न्हाई का?”

आष्टी, पाटोदा, शिरूर हा पट्टा कमी पावसाचा, हे बीडमध्ये शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी घरी येऊन कोड उघडला. पावसाचे आकडे मी उतरत्या क्रमानं लावले होते. नावांची यादी मात्र आधीच हातानं, अकारविल्हे लिहून ठेवलेली : अंबाजोगाई, आष्टी, केज आणि पुढे. ‘सेट एक्सटिकलेबल्स’ या आज्ञेनं ती यादी आहे त्या क्रमानं स्तंभांखाली चिकटवून टाकली. मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथॉनमध्ये चार्ट काढणारी लायब्ररी, तिथे काही तपासत नाही. तुम्ही दिलेला मजकूर ती अक्षावरच्या खुणांखाली ओळीनं लिहीत जाते, कोणता आकडा कोणाचा याच्याशी तिला देणंघेणं नसतं. अंबाजोगाई बालाघाटावर, तिथला पाऊस बरा असतो, म्हणून पहिला स्तंभ पाहून मला संशयसुद्धा आला नाही. दुसऱ्या स्तंभानं घात केला, आणि तो ज्यांचा होता त्यांनीच पकडला.

आकडे सगळे बरोबर होते, सर. चार्ट खोटा होता.

म्हणून नावं वेगळ्या यादीतून चिकटवू नका, असं मी लेखात लिहिलं. तालुका आणि पाऊस एकाच तक्त्यात ठेवा आणि स्तंभ काढतानाच दोन्ही स्तंभालेखाच्या आज्ञेला द्या, म्हणजे क्रम बदलला तरी नाव आकड्याचा हात सोडत नाही. नावं वेगळी लिहायचीच वेळ आली, तर ‘सेट एक्सटिक्स’मध्ये खुणांच्या जागा आणि नावं बरोबरच द्या. जागा पक्क्या न करता नुसती नावं दिली, तर मॅटप्लॉटलिबनं स्वतःच्या हिशेबानं ज्या खुणा पाडल्या असतील त्यांच्यावर ती जाऊन बसतात, आणि त्या खुणा प्रत्येक स्तंभाखाली असतीलच असं नाही.

आता तिरक्या नावांचं. इथे तुमचं अर्धं मला मान्य आहे. मी नावं ४५ अंशांत वळवली होती, आणि ती वळवतानाही एक चूक राहिली होती. वळवलेल्या नावाचा मधला भाग खुणेखाली येतो, हे मूळचं वागणं. त्यामुळे ‘अंबाजोगाई’चं शेपूट एका स्तंभाखाली आणि डोकं शेजारच्याखाली जातं, आणि वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. ‘एचए’ म्हणजे आडवी जुळणी ‘राइट’ केली आणि ‘रोटेशन मोड’ला ‘अँकर’ दिलं, की नावाचं शेवटचं अक्षर बरोबर खुणेखाली येतं. एवढं करूनही मान वाकडी करावी लागते ती लागतेच. भिंतीवरचा चार्ट लोक उभ्यानं वाचतात, त्यात निम्म्यांचा चष्मा जवळचा. खरा उपाय नावं वळवण्यात नाही, चार्ट वळवण्यात आहे. ‘बार’च्या जागी ‘बारएच’ लिहा. स्तंभ आडवे होतात, नावं डावीकडे एकाखाली एक सरळ येतात, आपण हजेरीपट वाचतो तशी. फक्त यादीतलं पहिलं नाव तळाशी जातं, म्हणून ‘इन्व्हर्ट वायॲक्सिस’ ही एक ओळ जास्तीची. लेखात हे पहिल्यांदा यायला हवं होतं, ते मी शेवटी दोन ओळींत उरकलं. आता लेख बदलला आहे.

तारखा असल्या तर मात्र चार्ट आडवा करता येत नाही, काळ डावीकडून उजवीकडेच जायला हवा. तिथे खुणा विरळ करायच्या. १ जून ते ३० सप्टेंबर १२२ दिवस होतात. रोजची तारीख छापली तर काळी पट्टी तयार होते. दर महिन्याच्या १ तारखेला खूण पुरते.

नावं छोटी करा, असंही तुम्ही सुचवलंत. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे आपल्या आठ जिल्ह्यांतलं सगळ्यात लांब नाव. ते दोन ओळींत तोडा किंवा नुसतं ‘संभाजीनगर’ लिहा, मराठवाड्यात कुणाचा घोटाळा होणार नाही. पण ‘शिरूर’ म्हटलं की बीडचं शिरूर कासार, लातूरचं शिरूर अनंतपाळ की पुण्याकडचं शिरूर? ते नाव तोडलं की माहितीच तुटते.

उभ्या अक्षावरच्या एककाचंही तसंच आहे. तुम्ही गणित शिकवता. आलेखाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलं नाही तर तुम्ही पोरांचे मार्क कापताच की. जायकवाडीचा चार्ट घ्या. अक्षावर नुसतं ‘७०’ दिसलं तर काय समजायचं? ७० टक्के, की ७० टीएमसी (अब्ज घनफूट)? टीएमसी असेल तर उपयुक्त साठा, की तळाशी राहणारा मृतसाठा धरून? नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, मृतसाठाच सुमारे २६ टीएमसी आहे, म्हणजे या दोन वाचनांत फरक केवढा पडतो बघा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर), आणि सरकारी तक्ते बहुतेक वेळा दलघमीत असतात. अक्षावर ‘उपयुक्त साठा, दलघमी’ हे तीन शब्द लिहायला दहा सेकंद लागतात. ते नसले की गावात दोन माणसं एकाच चार्टवरून भांडतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

एक्सेलचं थोडक्यात सांगतो. एक चार्ट करायचा असेल तर खुशाल एक्सेलमध्ये करा, मीही करतो. पण आठ जिल्हे, दर आठवड्याला एकेक, आणि पावसाळ्याचे सतरा आठवडे धरले तर १३६ चार्ट होतात. प्रत्येकात दोन क्लिक म्हटलं तरी कुठेतरी हात चुकतो. कोड एकदा नीट लिहिला की शिरूर कासार प्रत्येक चार्टवर शिरूर कासारच राहतं.

आता तुमची तिसरी गोष्ट. मॅटप्लॉटलिबचा मूळचा फाँट डेजाव्हू सॅन्स. त्यात देवनागरी नाही, म्हणून मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन येतात. नोटो सॅन्स देवनागरी हा फाँट लावला की चौकोन जातात, पण ‘शिरूर’मधली पहिली वेलांटी श च्या पुढे जाऊन बसते आणि ‘आष्टी’तला ष पाय मोडलेला दिसतो. आपण लिहिताना श आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते, दिसायला मात्र ती श च्या आधी हवी. ही मांडणी करणारं काम मॅटप्लॉटलिबमध्ये वर्षानुवर्षं नव्हतं. मी तिथे हात टेकले आणि इंग्रजी नावं टाकून मोकळा झालो. ते चुकलं. आष्टीच्या त्या आजोबांना ‘Ashti’ची अक्षरं वाचता आली नसती, तर माझी चूक पकडलीच गेली नसती.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर दोन रात्री बसलो आणि वाट सापडली. चित्र पीएनजी या नेहमीच्या चित्र-फाइलऐवजी एसव्हीजी या रेषा आणि मजकूर साठवणाऱ्या फाइलमध्ये साठवायचं, आणि त्याआधी मॅटप्लॉटलिबच्या ‘एसव्हीजी.फाँटटाइप’ या सेटिंगला ‘नन’ द्यायचं. मग नावं रेषांची चित्रं न होता मजकूर म्हणूनच फाइलमध्ये राहतात, आणि फाइल ब्राउझरमध्ये उघडली की अक्षरं तो स्वतः मांडतो, वेलांटी जागेवर येते. ज्या संगणकावर उघडाल तिथे तो फाँट मात्र हवा. डाव्या कडेला थोडी जास्त जागा सोडा, कारण नावाची रुंदी आधी मोजली जाते ती न जुळलेल्या अक्षरांवरून.

बीडचे अकरा तालुके मराठीत, आडव्या स्तंभांत, लेखात नव्यानं लावले आहेत. परभणीच्या नऊ तालुक्यांचा तसाच चार्ट आज रात्री टाकतो. तो छापून वर्गात लावा, आणि मागच्या बाकावरून ‘गंगाखेड’ वाचता येतं का, तेवढं पोरांना विचारून कळवा.