जोडा आणि वाजवा

वस्तू स्वस्त हवी, टिकाऊ हवी आणि मुलांनी ती स्वतः जोडायला हवी, असं कोणी म्हणालं की आधी आपण हात जोडावेत. मला तेवढी सवड मिळाली नाही. “चार तारांचं साधं वाद्य. पोरं जोडतील, पोरं वाजवतील, तुम्ही फक्त किट बनवा,” एवढं सांगून समिती उठलीसुद्धा.

खर्चाचा तक्ता मांडला की सगळ्यात वर येऊन बसतात तारा पिळून सुरात लावायच्या खुंट्या. दातेरी चक्राच्या खुंट्या उत्तम, लावलेला स्वर जागचा हलत नाही. पण तेवढ्या पैशांत बाकीचं अख्खं वाद्य होतं. शिवाय त्यांच्यासोबत बारीक बारीक स्क्रू येतात, आणि जोडणीचा सनातन नियम असा की काम संपल्यावर एक स्क्रू उरतोच. तो कुठला, ते कळत नाही आणि टाकवतही नाही. म्हणून मी स्क्रूच हद्दपार केले. निमुळत्या लाकडी खुंट्या घेतल्या. त्या नुसत्या घर्षणावर भोकात बसतात. घसरली तर खडू लावायचा, अडकली तर साबण. हे ठळक अक्षरांत छापलं. एका चिरंजीवांनी दोन्ही लावलं. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणे, “घसरलीच तर अडकावी म्हणून, आणि अडकलीच तर घसरावी म्हणून.” युक्तिवादात खोट काढता येईना.

तारांच्या जागी मासे धरायचा नायलॉनचा दोरा घेतला. आवाज घुमवायचा डबा ज्याचा त्यानं आणायचा, असं ठरवून तोही खर्च वाचवला. मात्र चार तारा मिळून पंधरा-वीस किलोचा ताण सहज देतात. तो डब्यावर आला तर डबा लवून नमस्कार करतो. म्हणून दांडा डब्यातून आरपार घातला. ओढाताण दांड्यानं सोसायची, डब्यानं नुसतं घुमायचं. (समितीतही कामाची वाटणी साधारण अशीच असते.)

पण खरा छळ पडद्यांचा, म्हणजे दांड्यावरच्या ज्या आडव्या पट्ट्यांशी तार दाबून स्वर काढायचा त्यांचा. पडदे बसवणं म्हणजे भागाकार. तारेच्या लांबीला 17.817 नं भागायचं, खुंट्यांकडून तेवढं पुढे सरकून पडदा लावायचा. मग जी लांबी उरली तिला पुन्हा भागायचं. असं बारा वेळा केलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिली यांनी 1581 साली सरळ 18 नं भागायला सांगितलं होतं. 500 मिलिमीटरच्या तारेवर त्या हिशेबानं बारावा पडदा जेमतेम पावणेदोन मिलिमीटर अलीकडे पडतो. पण तार दाबताना ती ताणली जाते, स्वर किंचित चढतो आणि तूट बरीचशी भरून निघते. हे गृहस्थ मला फार आवडतात. मुलगा पुढे आकाशातल्या ताऱ्यांमागे लागला तो बहुधा घरातल्या तारांना कंटाळून.

मुलांकडून बारा भागाकार करून घेणं अमानुष वाटलं, म्हणून खुणा कागदाच्या पट्टीवर छापल्या. पण प्रती काढणाऱ्या यंत्राला स्वतःचं मत असतं. कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून त्यानं पट्टी गुपचूप 3 टक्के आखडून दिली. घोडी (तारांना डब्यावर टेकू देणारी पट्टी) ठरल्या जागी, पडदे आखडलेले, आणि वर्ग एकमुखानं बेसूर. मग मी घोडी चिकटवणंच बंद केलं. खुंट्यांजवळच्या आधारपट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत दोरा धरा, तो दुप्पट करा, संपेल तिथे घोडी ठेवा. आता यंत्रानं पट्टी खुशाल आखडावी. प्रमाण सुटत नाही. पडदेही सतारीसारखे बांधलेले, सरकवता येणारे केले. ज्याच्या कानाला जे सोसेल तिथे त्यानं सरकवावेत.

माहितीपत्रकाबद्दल न बोललेलं बरं. मुलं ते डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवतात.

अखेर पहिली तुकडी जोडून झाली. एका खोलीत वीस-पंचवीस वाद्यं एकाच वेळी सुरात लावली जात असताना काय होतं, ते शेजारच्या वर्गातल्या बाईंना विचारावं. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडक्या लावल्या, मग मुलांना गृहपाठ देऊन त्या निघूनच गेल्या. पण हळूहळू तारा जुळल्या. एका मुलीनं ओळखू येईल असं काहीतरी वाजवलंसुद्धा. मी खुर्चीत टेकतोय तेवढ्यात खडू-साबणवाले चिरंजीव मूठ पुढे करून उभे.

“सर, सगळं झालं. हा एक स्क्रू उरला.”

अरे, किटमध्ये स्क्रू नाहीतच, असं मी त्याला समजावत होतो, तोवर मागच्या बाकावरचे दोघं बाकासकट खाली आले.