पुण्याच्या नळात फ्लोराईड कोणी घालत नाहीये, आधी एवढं तरी समजून घ्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात दुसरा विषयच नाही. अमेरिकेत युटा राज्याने २०२५ मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराईड (दात किडू नयेत म्हणून पेस्टमध्येही घालतात तो क्षार) मिसळायला बंदी केली, पाठोपाठ फ्लोरिडाने केली, त्याचा व्हिडिओ कोणीतरी टाकला आणि लगेच सुरू, महापालिका आपल्याला काय पाजतेय, नळाचं पाणी बंद करा, मुलांची टूथपेस्ट आजच फेकून द्या. दोन आयांनी खरंच पेस्ट बदलली. मला ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांबलंय पण वाचा.

खडकवासला धरणाचं पाणी पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं तिथे गाळ खाली बसवायला तुरटीसारखं काहीतरी घालतात, जंतू मारायला क्लोरीन घालतात. फ्लोराईड घालत नाहीत. पुण्यातच काय, भारतात कुठेच नळाच्या पाण्यात ते मिसळत नाहीत. तिकडे अमेरिकेत १९४५ पासून मिसळतात, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावापासून सुरुवात झाली, कारण थोडं फ्लोराईड असेल तर दात कमी किडतात हे दिसलं होतं, आणि ते खरंच आहे. आता तिथे भांडण आहे ते असं की फ्लोराईडवाली पेस्ट घरोघरी आल्यावर पाण्यातून वेगळं द्यायची गरज कितपत उरली, आणि प्रमाण जास्त झालं तर लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो का. २०२४ मध्ये तिथल्या सरकारी अहवालात आलं की लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेल्या पाण्याचा आणि मुलांच्या कमी आयक्यूचा संबंध दिसतो. तिथे नळात घालतात ते ०.७, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. उलट कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०११ मध्ये फ्लोराईड बंद केलं होतं आणि २०२५ मध्ये परत सुरू केलं, मुलांचे दात किडायला लागले म्हणून. म्हणजे तिकडेही लोकांचं एकमत नाहीये, आणि आपल्या ग्रुपवर मात्र निकाल लागून मोकळे.

आता माझं. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याच्या बाजूचं. फ्लोराईड म्हटलं की मला शाळेतल्या मुली आठवतात, हसताना तोंडावर हात धरायच्या, कारण दातांवर तपकिरी पट्टे, घासून जात नाहीत, दात हिरडीच्या आत तयार होतानाच ते डाग पडलेले असतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा मान वळवू शकत नव्हते, कोणी हाक मारली तर अख्खं अंग फिरवायचे. हाडं ताठ झालेली, आणि एकदा झाली की परत पहिल्यासारखी होत नाहीत. तिथे कोणी काही मिसळलं नव्हतं हो. जमिनीतल्या खडकातूनच ते पाण्यात उतरतं, विहिरी आटल्या म्हणून बोअर खोल खोल गेले आणि लोक तेच पाणी वर्षानुवर्षं पीत राहिले. चंद्रपूर, नांदेडकडे किनवट, बीड, सगळीकडे हे आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा सोर्सच नसेल तर दीडपर्यंत चालतं. पाण्यातून फ्लोराईड काढायची तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने काढली त्याला कितीतरी वर्षं झाली. महाराष्ट्रात फ्लोराईडवर चिडायचंच असेल तर या गावांसाठी चिडा ना!

पाण्यात फ्लोराईड घालावं का असं मला कोणी विचारलं तर भारतात नको असंच मी म्हणेन. आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस पाणी किती पितो बघा, आणि एका गावचं पाणी दुसऱ्या गावासारखं नसतं, सगळ्यांना एकच डोस कसा देणार. पण पेस्टचं तसं नाही. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) वर फ्लोराईड चालत नाही, ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवायचं, झालं. बिस्किटं, चॉकलेटं चालू ठेवून फ्लोराईडची पेस्ट बंद करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, ती परत आणा.

आणि पाण्याची काळजी असेल तर ती टँकरची करा. पुण्याच्या काळ्या कातळात फ्लोराईड सहसा कमी असतं, पण टँकर कुठल्या विहिरीतून, कुठल्या बोअरमधून भरला हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट सापडले तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता, आठवतंय ना. ग्रुपवर जे टीडीएस मीटरचे (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतं ते) फोटो टाकतात त्यांनाही सांगते, त्या आकड्यावरून फ्लोराईड कळत नाही आणि जंतू तर नाहीच नाही. उकळून जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण थोडं वाढतंच. आरओमध्ये ते बरंचसं निघतं. पण खरं काय आहे ते लॅबमध्येच कळतं.

येत्या मीटिंगमध्ये मी एवढंच मांडणार आहे, टँकर, बोअर आणि नळ तिन्हीची सॅम्पल लॅबला पाठवायची, जंतू आणि फ्लोराईड दोन्ही तपासायचं, आणि रिपोर्ट लिफ्टच्या बाजूच्या बोर्डावर लावायचा. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. खर्च मेंटेनन्समधून. ज्यांचा विरोध असेल त्यांनी मीटिंगला येऊन बोला, ग्रुपवर नको.