पंधरा ऑगस्टला मसाई मारा गाठलं की मायग्रेशन दिसतंच?

जून लागला की मुंबईतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आफ्रिकेतल्या मायग्रेशनबद्दल, म्हणजे विल्डबीस्ट या मोठ्या गवतखाऊ प्राण्यांच्या कळपांच्या स्थलांतराबद्दल, एक मेसेज फिरू लागतो. मायग्रेशन म्हणजे ऑगस्टमधला केनियातला मसाई मारा. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी काढा, दोन रात्री पुरेत, नदी ओलांडणारे कळप हमखास दिसतील. इतर महिन्यांत गेलात तर पैसे वाया. आणि हो, आता व्हिसा-लशीची कटकट नाही. दादर-पार्ल्यातली कुटुंबं अशा मेसेजवर विसंबून वर्षानुवर्षांची बचत खर्च करतात, त्यामुळे त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

‘मायग्रेशन ऑगस्टमध्ये होतं.’ ते बारा महिने चालू असतं. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व गॅझेल जातीची हरणं पावसामागे, कोवळ्या गवतामागे गोल फिरत असतात. वर्षातला बहुतेक काळ ते टांझानियातल्या सेरेंगेटीच्या बाजूला असतात. ते उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे, तर केनियातलं मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं. जुलै-ऑगस्टच्या सुमाराला कळप उत्तरेला सरकतात, कारण कोरड्या दिवसांतही तिकडे अधूनमधून सरी येतात आणि मारा नदीला पाणी असतं. आपल्याकडे तेव्हा धुवाधार पाऊस असल्याने तिथेही चिखलच असेल असं अनेकांना वाटतं. पण तिथला मोठा पाऊस मार्च ते मे असतो आणि छोटा नोव्हेंबरच्या आसपास.

‘इतर महिने वाया.’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटी आणि न्डुटूच्या माळावर विल्डबीस्टची वीण होते. जुन्या ज्वालामुखींच्या राखेने तिथल्या गवताला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं, दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, म्हणजे तरस आणि चित्त्यांनी कितीही मारली तरी बरीचशी वाचतात. ओलंकच्च पिल्लू लटपटत उठतं, पडतं, पुन्हा उठतं आणि काही मिनिटांत आईच्या मागे धावू लागतं. हे ज्यांना जवळून बघायचंय, त्यांनी ऑगस्टची वाट कशाला बघायची?

आपल्या सुट्ट्या शाळा ठरवते, म्हणून आधी तारीख पक्की करा आणि मग जागा निवडा. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर दक्षिण सेरेंगेटी. मे महिन्यात कळप मध्य आणि पश्चिम भागात असतात. तेव्हा रस्ते चिखलाचे असतात आणि काही कॅम्प बंद असतात, पण दर उतरलेले आणि गर्दी कमी. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तरेला कळप सापडण्याची चांगली शक्यता असते. नोव्हेंबरात आली तर ते बहुधा दक्षिणेला निघालेले असतात.

‘क्रॉसिंग हमखास.’ असा शब्द कुणीच देऊ शकत नाही. हजारो जनावरं काठावर जमतात, पुढची काही पाण्यापर्यंत उतरतात, मगरीच्या किंवा गाडीच्या चाहुलीने बुजतात आणि सगळा कळप धूळ उडवत मागे फिरतो. कधी तासाभरात पुन्हा येतात, कधी दुसऱ्या दिवशी. ‘हमखास’ म्हणून पैसे घेतले की ड्रायव्हरवर दबाव येतो आणि गाड्या थेट कळपाच्या वाटेत घुसतात. २०२५च्या जुलैत उत्तर सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून काठावर उभे राहिले, जनावरांची वाट अडली, तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. आपण त्या गर्दीत असू नये. शिवाय उत्तर सेरेंगेटीतल्या कोगातेंदेजवळही हीच मारा नदी ओलांडली जाते, त्यासाठी केनियाच गाठायला हवं असं नाही.

‘दोन रात्री पुरेत.’ जाण्यायेण्यात दोन्ही टोकांचे दिवस कापले जातात. क्रॉसिंगची आस असेल तर नदीजवळ चार रात्री तरी ठेवा. त्याचा हिशेब मात्र आधी करा: २०२४पासून मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर प्रवेश शुल्क आहे, जानेवारी ते जून १००.

‘व्हिसा-लस नाही.’ २०२४च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए (प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना) आणला, पण तोही निघण्याआधी ऑनलाइन काढावाच लागतो. केनियाहून परतताना भारतात यलो फीव्हर लशीचा दाखला मागतात. तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. दाखला नसेल तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, म्हणून विमानाचं तिकीट निघालं की लगेच मुंबईतल्या केंद्रात अपॉइंटमेंट घ्या.