पाच मिनिटांचं काम

अमेरिकेतल्या चुलत बहिणीचा मेसेज आला. "दादा, वंशावळ करतेय. खापरपणजोबांपाशी अडलंय. रामकुंडावर गुरुजींकडे वह्या असतात ना? तू नाशिकलाच आहेस, पाच मिनिटांचं काम."

खापरपणजोबा म्हणजे आमच्या घराण्याचा मानबिंदू. पायी काशीला जाऊन आलेले. 1870 साली मुंबईहून अलाहाबादेपर्यंत रेल्वे जोडली गेली होती, तरी पायी! पुरावा म्हणून डाक लावून बंद केलेला गंगेचा गडू आत्याच्या देवघरात आहे.

नाशिककर गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) दोनदाच जातो. पाहुणे आले की, नाहीतर कुणी गेलं की. रविवारी गेलो. गाडी लावायलाच पाऊण तास लागला. घाटावर पहिल्याच गुरुजींनी विचारलं, "गाव?" सिन्नर तालुक्यातलं गाव सांगितलं. "ते आमच्याकडे नाही, पलीकडे." पलीकडे कळलं की तिघा भावांत वह्यांची वाटणी झाली आणि आमचं गाव धाकट्या पातीला गेलं. आम्ही भाऊबंद तिकडे सातबाऱ्यावरून भांडत होतो, तेव्हा इकडे आम्हीच कुणाच्या तरी वाटणीला आलो होतो.

पंचवटीतल्या वाड्यात धाकटी पाती सापडली. गुरुजींनी लाल फडक्यातली लांबलचक वही सोडली. सगळी मोडी. आधी रेघ ओढायची आणि मग तिला जिलब्या टांगायच्या, असा तो प्रकार.

"नाव?"

"नारायण रामचंद्र."

"कोणते? तीन आहेत."

आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. नारायणाचा रामचंद्र, रामचंद्राचा नारायण, पुन्हा रामचंद्र. बरं, बायकांवरून ओळखावं, तर सासरी आल्यावर नारायणाची ती लक्ष्मी आणि रामाची ती सीता! म्हणजे आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या दोनच जोडपी आलटून पालटून नांदत होती. माहेरचं नाव एकीचंही नाही.

शेवटी शकावरून माग काढला. शके 1811, मार्गशीर्ष. अठ्ठ्याहत्तर मिळवले, 1889. हेच ते! गुरुजी बोट फिरवत वाचू लागले. "काशीस जाणेस निघाले..." माझी छाती फुगली. "...पायांस फोड आले सबब फाल्गुनापर्यंत मुक्काम येथेच. गडू एक, येथील तीर्थ भरून डाक लाविली. गांवी परत."

मी विचारलं, "दुसरे नारायण असतील?"

"खाली सही आहे," गुरुजी म्हणाले. ना. रा.च्या शेवटी गोल गिरकी. घरच्या जुन्या खरेदीखतावर अगदी तशीच आहे.

मग त्यांनी पेन दिलं. आता तुमची नोंद तुमच्या हातानं. मुलाबाळांची नावं लिहिली. येण्याचं कारण? 'वंशावळ' लिहावं की 'पार्किंगपासून चालत' लिहावं, जरा घोटाळलो.

बहिणीला पिढ्यांची नावं पाठवली, फोडांचं गाळलं. आत्याला मात्र सांगावंसं वाटलं. तिनं गडू पदरानं पुसून जागेवर ठेवला.

"तू सकाळी घरातून निघताना कुठे जातो म्हणालास?"

"गंगेवर."

"मग? आणि हे बघ, माझी वेळ येईल तेव्हा यातलंच घाला तोंडात. तोवर त्या चिंगीला काही कळवू नकोस."